चाकणच्या गेटवर ब्रेक कोण देतं?

निवडणूक आली की पुण्यातले शिकलेसवरलेले लोक एक निदान हमखास करतात. पिंपरी-चिंचवडचा, चाकणचा मराठी कामगार अस्मितेच्या भाषणांना भुलतो आणि परप्रांतीयांविरुद्ध बोलणाऱ्यांच्या मागे जातो, असं ते निदान. मला ते साफ अमान्य आहे. कामगाराला एकदा अडाणी ठरवलं की त्याचं म्हणणं ऐकून घ्यायची जबाबदारीच उरत नाही.

२००६ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने २००८ मध्ये उत्तर भारतीयांविरुद्ध आंदोलन पेटवलं आणि २००९ ला विधानसभेच्या १३ जागा जिंकल्या. २०१४ ला एकच. २०१७ ला पिंपरी-चिंचवड महापालिकेतही १२८ पैकी एक. कामगाराच्या मनात नुसता द्वेषच असता, तर तो पाच वर्षांत असा ओसरला नसता. कामगार तिकडे गेला तो काही आशा धरून.

ती आशा समजून घ्यायची तर त्याच्या बापाची नोकरी आठवावी लागेल. १९५४ ची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, मग टेल्को, बजाज. साताऱ्या-सोलापुराकडून आलेल्या पोरांना इथे परमनंट नोकरी लागली, त्यावर निगडी-आकुर्डीत घरं झाली. बजाजच्या आकुर्डी कारखान्यातलं उत्पादन २००७ ला थांबलं. चाकणला नवे कारखाने आले, पण आता आयटीआय झालेला मुलगा ठेकेदाराच्या यादीवर लागतो, नाहीतर ट्रेनी म्हणून. वर्षात २४० दिवस भरले तर त्याला कायम होण्याचा हक्क सांगता येतो, म्हणून सहा-सात महिन्यांत ब्रेक, म्हणजे कामावरून कमी. मग दुसरा ठेकेदार, दुसरं गेट. त्या रांगेत शेजारी बिहारचा मुलगा उभा असतो, तो रोज दिसतो. ब्रेकचा निर्णय घेणारा साहेब कधीच दिसत नाही. युनियन आहे, पण ती परमनंटवाल्यांची. अशा वेळी 'तुझी नोकरी याने खाल्ली' असं सांगणारा पुढारी हा त्याच्याशी बोलायला आलेला एकटाच माणूस असतो.

मात्र तो पुढारी सांगतो ते खोटं आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे म्हटलं पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत परप्रांतीय कामगार श्रमिक रेल्वेने गावी गेले. जुलैत सरकारने भूमिपुत्रांसाठी महाजॉब्स पोर्टल उघडलं. जागा रिकाम्या होत्या, स्पर्धक हजार मैलांवर होता, तरी ठेकेदारी जशीच्या तशी राहिली. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यावेत, हा नियमही कधीचा आहे. त्यात मोजायचे ते स्थानिक किती, एवढंच. कायम किती, हे कोण मोजणार? आणि स्थानिक तरी कोण? चाकण ज्यात येतं त्या खेड तालुक्यातल्या गावकऱ्याच्या लेखी लातूर-बीडचा मुलगाही बाहेरचाच. शिवाय लेबर, कॅन्टीन, बस, भंगार यांचे ठेके पुष्कळदा अस्सल मराठी, गावच्याच पुढाऱ्याकडे असतात. बिहारच्या मुलाच्या मजुरीतून जो कट जातो, तोच लातूरच्या मुलाच्याही जातो, आणि एकाच खिशात.

हे फक्त आपल्याकडचं नाही. इंग्लंडच्या संडरलँडमध्ये जहाजांचे कारखाने आणि कोळशाची खाण बंद पडली. २०१६ ला तिथल्या ६१ टक्के मतदारांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा कौल दिला. निस्सानचा मोठा मोटार कारखाना असलेलं हे शहर, आणि तिथे परदेशातून आलेले लोक इतर शहरांच्या मानाने थोडे. म्हणजे तिथलाही राग नुसता बाहेरच्या माणसावरचा नव्हता.

म्हणून माझं मागणं पुढाऱ्यांकडे नाही, चाकण-भोसरीतल्या युनियनांकडे आहे. कंत्राटी आणि ट्रेनी मुलांना सभासद करून घ्या. पत्रकं मराठीबरोबर हिंदीतही काढा. पुढच्या वेतन कराराच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या आधी, पहिलं कलम ब्रेक बंद करण्याचं लिहा.