अलाइनमेंटच्या स्क्रूआधी

कमोडोर १५४१ फ्लॉपी वाचेनासा झाला, की आपल्यापैकी बऱ्याच जणांचा हात आधी स्टेपर मोटरच्या दोन स्क्रूंकडे जातो. ही घाई थांबवायला हवी, असे आम्हाला कळकळीने सांगायचे आहे.

हेडवर संशय जाणे साहजिक आहे. १९८२ साली आलेल्या या ड्राइव्हमध्ये हेड पहिल्या ट्रॅकपाशी पोहोचले हे ओळखणारा सेन्सरच नव्हता. त्यामुळे फॉरमॅट करताना किंवा वाचन फसल्यावर हेड मागे नेऊन थांब्यावर आपटले जाते. तो खडखडाट आपल्या ओळखीचा आहे. सुरुवातीच्या ड्राइव्हमध्ये मोटरच्या शाफ्टवर पुली नुसती दाबून बसवलेली असे. धक्के खाऊन ती सरकली, की हेड ट्रॅकच्या मध्यावर राहत नाही, आणि दोन ट्रॅकमधले अंतर जेमतेम अर्धा मिलिमीटर.

पण याच सरकलेल्या हेडने मालकाने कित्येक वर्षे फ्लॉपी लिहिलेल्या असू शकतात. त्या इतर ड्राइव्हवर धड वाचल्या जात नाहीत, याच्यावर मात्र वाचल्या जातात. तुम्ही स्क्रू फिरवून हेड जागेवर आणता, ड्राइव्ह सुधारतो आणि त्या फ्लॉपीवरचा मजकूर गमावला जातो. कुणाचा तरी पहिला प्रोग्राम, कुणाच्या वडिलांचा हिशेब असा जाणे ही दुरुस्ती नव्हे.

तेव्हा आधी बाकीचे दोष तपासा. परदेशातून आणलेला ड्राइव्ह १२० व्होल्टचा नाही ना, हे मागच्या पट्टीवर वाचल्याशिवाय आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नका. चालू केल्यावर लाल दिवा लागून मोटर क्षणभर फिरते आणि दोन्ही बंद होतात, तर ते ठीक. दोन्ही थांबतच नसतील, तर अलाइनमेंटचा संबंध नाही. बोर्डावरचे ५ आणि १२ व्होल्ट मोजा, मग चिपकडे वळा. वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांचा असतो. तो तपासायला खालच्या चाकावरच्या पट्ट्यांच्या दोन वर्तुळांपैकी ५० हर्ट्झचे आपल्या कामाचे, पण त्यासाठी जुन्या चोकची ट्यूब हवी. चांगल्या एलईडी दिव्यात पट्टे स्थिर दिसतील याचा भरवसा नाही.

हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोळा काळा निघतो तोवर बोळा बदलत राहा. समोरच्या नमद्याच्या गादीला मात्र अल्कोहोल लावू नका. दमट हवेत ठेवलेल्या फ्लॉपीवर बुरशीचे ठिपके असतील, तर ती आधी घालूच नका. बुरशी हेडवर चिकटते आणि पुढच्या धडधाकट फ्लॉपीचा लेप खरवडते. किनारपट्टीवरच्या वाचकांनी हे विशेष जपावे.

एवढे झाले, की झूमफ्लॉपीसारख्या जोडणीने याच ड्राइव्हमधून नक्कल काढा. फ्लॉपीच्या खाचेवर चिकटपट्टी लावलेली असावी, म्हणजे चुकूनही लेखन होणार नाही. पूर्ण ३५ ट्रॅकची डी६४ प्रत १,७४,८४८ बाइट्सची होते. एखादा ट्रॅक वाचला जात नसेल, तर हट्टाने पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. चुकलेल्या वाचनानंतर हेड पुन्हा आपटू शकते.

मालकाच्या हाती प्रती दिल्यावर स्क्रू सैल करायला हरकत नाही. आधी मोटरच्या मूळ जागेची खूण बारीक पेनाने करून घ्या. संदर्भासाठी कारखान्यात छापलेली मूळ सॉफ्टवेअरची फ्लॉपी वापरा, घरी फॉरमॅट केलेली नको; ती कोणत्या हेडने लिहिली, हे सांगणार कोण?