फुकट आहे, पण बेवारशी नाही

फुकटच्या सॉफ्टवेअरला कोणी वाली नसतो, असं आपल्याकडे सर्रास बोलतात. मला ते पटत नाही. इंदूरला घरी मी डेबियन लिनक्स वापरतो. १९९३ पासून ते स्वयंसेवकच चालवतात, पण शिस्त बघा.

३२ बिटांत मोजलेली संगणकाची वेळ १९ जानेवारी २०३८ ला संपणार. म्हणून २०२४ मध्ये त्यांनी ती ६४ बिटांत न्यायला घेतली. आता, अनेक प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी बदलली की ते सगळे नव्यानं बिल्ड करावे लागतात. एकानंच घाई केली तर बाकीच्यांचं मोडतं. म्हणून रिलीज टीम क्रम लावते, आणि सगळं जुळलं की एकदमच 'टेस्टिंग'मध्ये सोडते. पंगतीत सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय घास घेत नाहीत, तसंच!

जुने प्रोग्राम चालावेत म्हणून जुन्या ३२-बिट पीसीची आवृत्ती या बदलातून वगळली. ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये तर तिचा इन्स्टॉलरही नाही. माझा जुना पीसी १२ वरच राहील. हळहळ वाटते, तरी निर्णय योग्यच म्हणेन.

नवं करणाऱ्याचं कौतुक होतंच हो. 'जरा थांबा, बाकीचे येऊ देत' म्हणणाऱ्याचंही व्हायला हवं.