घाटात दम तोडणारा वायपर

वायपरचा इतिहास सांगताना दोन नावे हमखास येतात. १९०३ मध्ये हाताने फिरवायच्या वायपरचे पेटंट घेणाऱ्या मेरी अँडरसन आणि थांबून थांबून चालणाऱ्या वायपरसाठी फोर्ड व क्रायस्लर यांना न्यायालयात खेचणारे रॉबर्ट कर्न्स. दोन्ही कथा खऱ्या आणि चटका लावणाऱ्या आहेत. परंतु भर पावसात कसारा घाट चढणाऱ्या चालकाचा प्रश्न यांपैकी कोणीही सोडवला नाही. तो सोडवला एका मोटारीने आणि तिच्या पोटातल्या दातेरी चाकाने.

आरंभीच्या कित्येक गाड्यांचे वायपर विजेवर नव्हे, इंजिनाच्या शोषणावर चालत. पेट्रोल इंजिन हवा आत ओढते तेव्हा मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो. एक नळी जोडून त्यावरच वायपर हलवायचा. युक्ती स्वस्त होती, पण तिच्यात एक क्रूर विनोद दडलेला होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवेची वाट मोकळी होते आणि निर्वात ओसरतो. म्हणजे गाडी जागेवर उभी असताना वायपर झपाझप चालणार आणि चढावर इंजिनाला जोर लागताच मलूल होणार.

मुंबई-आग्रा रस्त्यावर या दोषाची खरी परीक्षा होती. नाशिक शहरात वर्षाकाठी साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर घाटमाथ्यावरच्या इगतपुरीत ३,००० मिलिमीटरहून अधिक. जिथे चढ सर्वांत कठीण, तिथेच पाऊस आणि धुकेही सर्वांत दाट. काच पुसून घ्यायची तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलावा लागे, आणि पाय उचलला की भरलेली गाडी चढावर अडे.

विजेचा विचार फार आधीच झाला होता. शार्लट ब्रिजवुड यांनी १९१७ मध्ये विजेवर फिरणाऱ्या रुळांच्या वायपरचे पेटंट घेतले. बाजाराने त्याकडे पाठ फिरवली. १९२६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने विजेच्या मोटारीवरचा वायपर विक्रीस आणला.

त्यातले मर्म मोटारीपेक्षा गिअरमध्ये आहे. छोटी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. काचेला मात्र मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या पुरतात, पण त्या जोरकस हव्यात. म्हणून मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे पाडतात आणि ते एका दातेरी चाकात गुंतवतात. हा वर्म गिअर. दांड्याचा एक पूर्ण फेरा झाला की चाक एखाद-दुसरा दाताच पुढे सरकते. वेग गेला, बळ आले. शिवाय चाकाकडून दांडा उलटा फिरवणे जवळपास अशक्य, त्यामुळे समोरचा वारा पाती मागे रेटू शकत नाही. चाकाच्या फेऱ्याचे डावी-उजवीकडच्या हेलकाव्यात रूपांतर करण्याचे काम क्रँक आणि दांडे करतात. बटण बंद केल्यावरही पाती काचेच्या तळाशी जाऊनच विसावतात, कारण चाकाशी जोडलेला एक संपर्क तोवर वीज चालू ठेवतो. एवढी समजूतदार यंत्रणा बॉनेटखाली मुठीएवढ्या जागेत मावते!

या इतिहासात नाशिक डिझेलच्या वाटेने येते. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा अडवलेली नसते. त्यामुळे वायपरला पुरेल असा निर्वात तिथे मिळतच नाही. स्वतंत्र पंप लावा, ट्रकावर दाबलेली हवा वापरा किंवा सरळ वीज घ्या. योगायोग असा की वायपरच्या पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, बॉशने डिझेल पंपाचे उत्पादन सुरू केले. अडचण आणि तोड एकाच घरातून बाहेर पडली. त्याच घराण्याच्या मायकोने १९७० च्या सुमारास सातपूरला डिझेल नोझलचा कारखाना उभा केला. कंपनीचे नाव २००८ मध्ये बॉश झाले, तरी त्र्यंबक रस्त्यावरचे मायको सर्कल मायको सर्कलच राहिले.

नाशिकच्या औद्योगिक इतिहासात मायको आहे, महिंद्रा आहे, बोलेरो आणि स्कॉर्पिओ आहेत. सुट्या भागांचा उल्लेख मात्र ‘पूरक उद्योग’ या दोन शब्दांत उरकला जातो. हा अन्याय आहे. डिझेलच्या गाडीने घाट चढायचा तर नोझलइतकीच ती वायपरची मोटारही लागते. ती जळाली, की चालक आजही गाडी कडेला घेतो, तंबाखूची पुडी सोडतो आणि काचेवर चोळतो. पाण्याचे थेंब मग ठिपके होऊन न साचता पसरून ओघळतात आणि इगतपुरीपर्यंतची वाट तेवढ्यावर निभते.