ऑपरेशन नेहमी तिचेच का?

दोन लेकरे झाली, आता पुरे, असे ठरले की आपल्या घरात पुढचा प्रश्न कुणी विचारतच नाही. ऑपरेशन तिचेच. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे 38 टक्के विवाहित स्त्रियांचे ऑपरेशन झालेले आढळले. नवऱ्याची नसबंदी झालेली जोडपी हजारात तीन.

मी वॉर्डात नोकरीला असताना एक ताई आल्या होत्या. तिसरे बाळंतपण, हिमोग्लोबिन सात. अंगात रक्त नाही म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकलले. शेजारी नवरा उभा, बांधकामावरचा, धडधाकट. मी म्हणाले, "दादा, तुमचंच करून घ्या की." तो हसला. "सिस्टर, मग पाटी कोण उचलणार?" सासूबाई तर डोळे वटारून बाहेर गेल्या. पुढच्या तारखेआधीच ताईंना पुन्हा दिवस गेले.

त्या पाटीचेच बोलू. पुरुष नसबंदीत पोट उघडत नाहीत, अंडकोषही काढत नाहीत. तेवढीच जागा बधिर करून बारीक छिद्रातून बीज वाहून नेणाऱ्या दोन नळ्या बंद करतात. टाका नाही. अर्ध्या तासाच्या आत काम होते आणि माणूस त्याच दिवशी चालत घरी येतो. दोन दिवस आराम, आठवडाभर जड ओझे आणि सायकल नको, मग पाटी उचलायला मोकळा. पुरुषपणाचा रस रक्तातून जातो, त्या नळ्यांतून नाही; म्हणून ताकद, इच्छा, संबंध सगळे पूर्वीसारखेच राहते. आणि बायको बाळंतपणानंतर आठवड्याभरात पाण्याचे हंडे उचलते, तेव्हा ताकदीचा विचार कुणाच्या मनात येतो?

भीतीला एक जुने कारण आहे, ते मी नाकारत नाही. आणीबाणीत, 1976-77 या एका वर्षात, सुमारे 62 लाख पुरुषांची नसबंदी झाली. त्यात गोरगरिबांना, दलितांना धरून नेले गेले. तो अन्याय होता. आजही कुणी दमदाटी केली, तर मी तुमच्या बाजूने उभी राहीन. पण त्या जबरदस्तीचा राग आपण घरातल्या बाईच्या पोटावर का काढायचा?

10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला. त्यासाठी बाबासाहेबांनी तयार केलेले भाषण पी. जे. रोहम यांनी सभागृहात मांडले. मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे बाईच्या हाती असले पाहिजे, ही त्यातली भूमिका. ठराव फेटाळला गेला. त्यांच्या जयंतीला आपण डीजे लावतो. या भाषणाचे वाचन मात्र मी कुठल्या मंडळात ऐकलेले नाही.

विहारात रविवारी वंदनेनंतर हा विषय पुरुषांनी पुरुषांशी काढावा. आम्ही बायका बोललो की हसण्यावारी नेतात. ज्यांनी नसबंदी करून घेतली आहे, त्या दादांनी लाज न धरता सांगावे. मूल आणखी हवे की नको याची खात्री नसेल तर मात्र थांबा. ही नळी पुन्हा जोडणे अवघड असते, तोवर निरोध वापरा.

शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यात मोफत होते, आशाताईंना विचारा. केल्यावर लगेच निर्धास्त होऊ नका. नळीत आधीचे बीज उरलेले असते, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचे. ही तपासणी बरेच जण विसरतात, आणि पुढे दिवस गेले की बायकोवर संशय घेतात.