टाकाऊ कोणी ठरवायचे?

गेल्या स्नेहसंमेलनात ‘टाकाऊतून टिकाऊ’ या स्पर्धेत मला दुसरे बक्षीस मिळाले. ज्या वस्तूसाठी ते मिळाले, तो मोर आजही ग्रंथालयाच्या जिन्यात टांगलेला आहे. जुन्या सीडी कापून त्याचा पिसारा केला आहे. सकाळी अकराच्या सुमारास जिन्याच्या खिडकीतून ऊन आत आले, की समोरच्या भिंतीवर सप्तरंगी कवडसे पडतात आणि वर जाणारा प्रत्येक जण क्षणभर थबकतो. मीही थबकते, पण माझे कारण वेगळे आहे. ते सांगावे की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. अखेर वाटले, की ज्या महाविद्यालयाने बक्षीस दिले, त्याच महाविद्यालयाच्या अंकात त्या बक्षिसाची दुसरी बाजूही छापून यावी.

स्पर्धा जाहीर झाली तेव्हा मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली काढली. तिच्यात चाळीसेक सीडींची चळत होती. गणपतीच्या आरत्या, दोन-तीन गाजलेली नाटके, मामाचे लग्न, बाबांच्या एमएस-सीआयटीच्या वेळचे काहीबाही, संगणकाच्या मासिकांबरोबर फुकट आलेल्या तबकड्या! घरातला सीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला आणि माझ्या लॅपटॉपला तबकडी आत घालायला जागाच नाही. जे वाजवता येत नाही ते टाकाऊ, इतका साधा हिशेब मी केला. तबकड्या थोडा वेळ गरम पाण्यात ठेवल्या, म्हणजे कापताना तडकत नाहीत, आणि बाबांच्या पत्र्याच्या कात्रीने त्यांची पिसे कापली. छापील चित्रे असलेल्या सीडींवरचा रंग खरवडावा लागत होता. एक मात्र अगदी कोरी, चित्राविना मिळाली. पांढऱ्या कागदी पाकिटात होती. तिच्यावर लाल शाईने हाताने एवढेच लिहिले होते : ‘आई – जात्यावरच्या ओव्या – २००३’.

प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी आई मोर पाहायला आली. तिने मैत्रिणींना हात धरधरून तो दाखवला. रात्री जेवताना मात्र सहज विचारावे तसे तिने विचारले, “अगं, त्यात वन्संनी करून दिलेली सासूबाईंची सीडी नव्हती ना? पांढऱ्या पाकिटात होती बघ.”

मी काहीच बोलले नाही. आईला उत्तर मिळाले.

माझ्या आत्याने आजीला जात्यावर बसवून टेपरेकॉर्डरवर त्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. पुढे तालुक्याच्या गावी एका दुकानात कॅसेटवरून ही सीडी करून घेतली. कॅसेटला बुरशी आली म्हणून ती फेकून दिली. सीडी आहेच, असे म्हणून! मी आत्याला फोन केला. ती जराशी थांबली आणि म्हणाली, “जाऊ दे गं बाळ. तुला काय माहीत!” तिच्या या म्हणण्याने मला अधिकच वाईट वाटले, कारण मला माहीत होते. ती अक्षरे मी वाचली होती. वाचून कात्री चालवली होती.

आजी गेली तेव्हा मी आठ वर्षांची होते. तिचे हात मला आठवतात, तिच्या गोधडीचा वास आठवतो. तिचा आवाज आठवत नाही.

हे सारे सांगितले ते रडगाणे म्हणून नव्हे. या निमित्ताने मला एक मत मांडायचे आहे, आणि ते असे, की ‘टाकाऊतून टिकाऊ’ या दोन शब्दांतला अधिक अवघड शब्द ‘टिकाऊ’ नसून ‘टाकाऊ’ हा आहे. आपण सारी बुद्धी, सारी कल्पकता दुसऱ्या शब्दावर खर्च करतो आणि पहिला शब्द तपासून पाहतच नाही.

वास्तविक सीडी ही काही साधीसुधी वस्तू नव्हे. सोनी आणि फिलिप्स या दोन कंपन्यांनी मिळून ती तयार केली आणि १९८२ च्या ऑक्टोबरात ती जपानच्या बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीची ही पॉलिकार्बोनेटची चकती. हिच्यावर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट कोरलेली असते. ग्रामोफोनची सुई बाहेरून आत येई, हिचे उलट! ७४ मिनिटांच्या तबकडीवरची ती वाट उलगडून सरळ केली, तर पाच किलोमीटरांहून लांब भरेल. तिच्या दोन वेढ्यांमध्ये मिलिमीटरचे सुमारे सहाशेवे अंतर असते, आणि प्रकाश त्या बारीक रेघांवरून परततो म्हणून आपल्याला इंद्रधनुष्य दिसते. म्हणजे मोराच्या पिसाऱ्यात आपण ज्या रंगांवर भाळतो, ते रंग तिच्यात साठवलेल्या मजकुराच्या रेघांमुळेच उमटलेले असतात. हे मला मोर केल्यानंतर समजले.

सगळ्या सीडी सारख्या नसतात, हेही नंतरच समजले. कारखान्यात छापलेली सीडी खालून रुपेरी दिसते. तिच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. एखादी कापली म्हणून जगाचे काही अडत नाही. घरी किंवा दुकानात भरलेली सीडी खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी दिसते; तिच्यावरचा मजकूर एका नाजूक रंगद्रव्यात नोंदलेला असतो आणि कडक उन्हात राहिली तर तो विटू शकतो. अशी सीडी बहुधा एकुलती एक असते. तिसरी गोष्ट अशी, की मजकुराचा थर आपण समजतो तसा खालच्या चकचकीत बाजूला नसतो. तो वर, लेबलाच्या अगदी खाली असतो. त्यामुळे खालचा ओरखडा पुष्कळदा निभावतो, पण लेबलाच्या बाजूला चिकटपट्टी लावून ओढली, की थर सोलून हातात येतो. या तीन गोष्टी ज्याला ठाऊक आहेत, तो कात्री उचलण्यापूर्वी एकदा तबकडी उलटून पाहील.

कोणी म्हणेल, “ती सीडी दहा वर्षे ट्रंकेत पडून होती. कोण ऐकत होते?” हा आक्षेप खोटा नाही. मी ती एकदाही ऐकली नव्हती. पण न ऐकलेले आणि ऐकता न येणारे यांत फरक आहे. ग्रंथालयातली कितीतरी पुस्तके वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही. म्हणून त्यांच्या पानांची फुले करावीत, असे आपल्या ग्रंथपालांना सुचवून पाहावे! हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, कित्येक ऐकताही येतात. ज्या बायांनी त्या म्हटल्या, त्यांनाही कोणी फारसे ऐकत नव्हते. कोणीतरी थांबून ऐकले म्हणून त्या उरल्या. घरोघरी गिरण्यांचे पीठ आल्यावर जातेच टाकाऊ ठरले. त्याच्याबरोबर ओव्याही टाकाऊ ठरवणारे आपण कोण?

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. आपण जे करतो ते खरोखर टिकाऊ असते काय? प्रदर्शनात सीडीची घड्याळे होती, तोरणे होती, फोटोच्या चौकटी होत्या, चकमक लावलेले गणपती होते. जूनपर्यंत त्यांतले बहुतेक अडगळीच्या खोलीत गेले. पुढे ते कचऱ्यात जाईल. नुसती सीडी हे निदान एका जातीचे, पुन्हा वितळवता येणारे प्लॅस्टिक असते. गोंद, चकमक, रंग आणि लोकर यांनी माखल्यावर तेही उरत नाही. टाकाऊतून आपण अधिक टाकाऊ निर्माण करतो. शिवाय कापताना उडणाऱ्या अणकुचीदार कपच्या डोळ्यांत जाऊ शकतात, याची सूचना स्पर्धेच्या पत्रकात नव्हती. तडे गेल्याची नक्षी उमटावी म्हणून सीडी मायक्रोवेव्हमध्ये ठेवण्याचा एक प्रकार सांगितला जातो. त्यात ठिणग्या उडतात आणि विषारी वाफा येतात. तो कोणीही करू नये.

मग सीडीचे काही करूच नये काय? अवश्य करावे, पण तिचा मूळ गुण ओळखून करावे. आमच्याकडे ज्वारी हुरड्यात आली, की शेतात दोरीला सीडी बांधतात. वाऱ्याने ती गिरक्या घेते, लखलखते आणि पाखरे बिचकतात. काही दिवसांनी पाखरे शहाणी होतात हे खरे. तेवढ्यात जागा बदलावी. पुठ्ठ्याच्या खोक्याला बारीक फट पाडून आत सीडीचा तुकडा तिरपा बसवला, की ट्यूबलाइटचा आणि दिव्याच्या ज्योतीचा वर्णपट वेगवेगळा दिसतो. मधल्या भोकावर बाटलीचे टोपण चिकटवून त्यावर फुगा बसवला, की हवेच्या गादीवर ती फरशीवरून सरसर पळते. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवणारे अरविंद गुप्ता पुण्याच्या ‘आयुका’त अनेक वर्षे हेच करत होते, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. चंदेरी थर पूर्ण सोलला तर नितळ काचेसारखी चकती मिळते. तिच्यावर चित्र रंगवून खिडकीत लावता येते. मात्र उसाच्या ट्रॉलीमागे रिफ्लेक्टर म्हणून सीडी लावतात, त्यावर विसंबू नये. ती आरशासारखी प्रकाश भलतीकडे फेकते. खरा रिफ्लेक्टर तो आला त्या दिशेला परत पाठवतो. हा फरक एखाद्याच्या जिवावर बेतेल.

आणि कला? कलेला मी कमी लेखत नाही. चंडीगडचे नेकचंद हे रस्ते-निरीक्षक होते. फुटक्या बांगड्या, फरशा, मोडके सामान यांतून त्यांनी जी बाग उभी केली, ती १९७६ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तिथे बांगडीचा तुकडा बांगडीचा तुकडा म्हणूनच ओळखू येतो. आजीची गोधडीही तशीच होती. तिच्यातला एक पट्टा आजीच्या इरकली लुगड्याचा, एक आजोबांच्या धोतराचा, एक माझ्या बारशाच्या झबल्याचा. लुगडे नेसून विटले, विरले, मगच त्याची गोधडी झाली. गोधडी फाटली तेव्हा तिचे पोतेरे झाले. कोणत्याही टप्प्यावर आजीने घाई केली नाही. आणि गोधडीने लुगडे पुसून टाकले नाही. उलट, लुगडे आठवायचे तर गोधडीच पाहावी लागे. माझ्या मोराने मात्र आवाज पुसला आणि रंग ठेवला.

म्हणून माझी सर्व विद्यार्थी मित्रांना आणि प्राध्यापकांना एक विनंती आहे. पुढील वर्षी ही स्पर्धा जरूर घ्यावी. पण त्याआधी आठवडाभर संगणक कक्षात एक टेबल मांडावे. तिथले जुने संगणक अजून तबकडी वाचतात. नसल्यास बाहेरून जोडायचा ड्राइव्ह फार महाग पडत नाही. ज्याला सीडी कापायची असेल, त्याने ती आधी तिथे लावून ऐकावी. हाताने लिहिलेली असेल, तर तिची प्रत करून घ्यावी. कोणाच्या घरी आजोबांचे भारूड निघेल, कोणाकडे बंद पडलेल्या शाळेचे संमेलन, कोणाकडे गावच्या यात्रेतले वग. घरच्यांची संमती असेल, तर मराठी आणि इतिहास विभागांनी त्या प्रती जपाव्यात. ‘लोकसाहित्याचे संकलन’ या विषयावर आपण दरवर्षी पंधरा गुणांचा प्रकल्प लिहितो. त्याचे साहित्य आपल्याच माळ्यावर असते. ऐकून झाल्यावर जी खरोखर टाकाऊ ठरेल, ती खुशाल कापावी. मी कापून देईन. मला आता चांगले कापता येते.

दिवाळीत आत्या आली होती. तिला मोर पाहायचा होता. मी तिला जिन्यात नेले, ऊन येण्याच्या वेळेलाच. तिने तो बराच वेळ पाहिला. मग विचारले, “यातलं आईचं कुठलं?”

मला सांगता आले नाही. कापलेली सगळी पिसे सारखीच दिसतात.

– द्वितीय वर्ष, कला