सुट्या तेलाला बॅच नंबर नसतो

तिसगावच्या ग्राहकांनो, दुकानदारांनो,

खाद्यतेलात भेसळ किंवा कचरा निघाला, तर तो माल बाजारातून परत मागवणे अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम २८ ने उत्पादकावर बंधनकारक केले आहे. पण माल ओळखतात डब्यावरच्या बॅच नंबरवरून. आपल्याकडे पंधरा किलोचा डबा फुटतो, तेल मापाने बाटल्यांत जाते आणि नंबर डब्यासोबत भंगारात. कधी तोच डबा पुन्हा भरला जातो, ज्याला कायद्याने मनाई आहे. मग खोट निघाल्यावर निरोप कोणाला देणार? मढीच्या यात्रेत भजी खाऊन गेलेल्याला? ऊसतोडीला कारखान्यावर गेलेल्या कोयत्याला?

१९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोतऱ्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. लोकांच्या पायांना सूज आली, धाप लागली, ६० हून अधिक माणसे दगावली. आपण मोहरीचे तेल खात नाही, हे खरे. पण पिवळा धोतरा आपल्याही बांधावर माजतो, आणि तेलात मिसळलेले त्याचे तेल नुसत्या डोळ्यांनी ओळखू येत नाही. त्याच वर्षी केंद्राने खाद्यतेल सीलबंदच विकण्याचा आदेश काढला. आजच्या नियमांतही सुट्या विक्रीला बंदी आहे. राज्य सरकारने सूट दिली तरच अपवाद. आमच्या बाजारासाठी अशी सूट असेल, तर अन्न व औषध प्रशासनाने तिची प्रत दाखवावी. नसेल, तर ही विक्री कोणाच्या आशीर्वादाने चालते ते सांगावे.

‘गरिबाला सुटेच परवडते’ हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. रोजंदारीवरून परतणाऱ्या बाईला रात्रीच्या कालवणापुरतेच तेल हवे असते. तिला तेवढीच लहान सीलबंद पिशवी द्या. पैसे थोडे दिले म्हणून तिच्या लेकरांनी बेनामी तेल का खावे?

दुकानदारांवर आमचा राग नाही. तेही वरून आलेलाच माल विकतात. म्हणूनच त्यांनी घाऊक खरेदीची पावती बॅच नंबरासह जपावी आणि रिकामा डबा ठेचूनच भंगारात द्यावा. खोट वरची असेल, तर हीच पावती त्यांना वाचवील.

प्रशासनाने आठवडे बाजारात आणि यात्रेआधी नमुने घ्यावेत, निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावा. प्रशासन येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचे कारण नाही. याच कायद्याच्या कलम ४० प्रमाणे कोणीही ग्राहक खरेदीच्या वेळी दुकानदाराला तसे सांगून, फी भरून तेल तपासून घेऊ शकतो; माल सदोष निघाला तर फी परत मिळते. एकट्याला ती जड जाईल, म्हणून गल्लीने वर्गणी काढावी. येत्या ग्रामसभेत सुट्या तेलाविरुद्ध ठराव मांडत आहोत. घरातल्या बायकांसह या.

– तिसगावचे ग्राहक