मायक्रोफोनचं बटण मोठं ठेवा

बोटाने चित्रं काढून ती हलवायला शिकवणारी फ्लिपाक्लिपसारखी मोबाइल ॲप्स आता शाळकरी मुलांच्या हातात चांगलीच रुळली आहेत. चित्र हललं की पुढची मागणी ठरलेली: ते बोललंही पाहिजे. त्यामुळे संवाद टाइप करा, यंत्र तो बोलून दाखवेल, अशी एआय आवाजाची सोय या ॲप्समध्ये येऊ लागली आहे. सोय चांगली आहे. प्रश्न आहे तो तिची मांडणी कशी करायची हा.

ॲनिमेशनच्या धंद्यात 'स्क्रॅच ट्रॅक' नावाची जुनी रीत आहे. नट ठरण्याआधी स्टुडिओतलंच कोणीतरी संवाद कच्चे रेकॉर्ड करतं आणि त्यावर दृश्यांची लांबी बेतली जाते. हा आवाज पुढे टाकून द्यायचा असतो, पण कधी कधी तोच टिकतो. 'मॉन्स्टर्स, इन्क.'मधली (२००१) खडूस रॉझ कथाविभागातल्या बॉब पीटरसनच्या आवाजात बोलते, तर 'द इन्क्रेडिबल्स'मधली (२००४) एडना मोड खुद्द दिग्दर्शक ब्रॅड बर्डच्या. दोघांनीही आधी कामचलाऊ म्हणूनच आवाज दिला होता. मिकी माउसला तर सुरुवातीची बरीच वर्षं वॉल्ट डिस्नेच बोलतं करत होते.

नवशिक्यांच्या ॲपमध्ये यंत्राच्या आवाजाची जागा हीच, कच्च्या आवाजाची. पडद्यावर मायक्रोफोनचं बटण ठळक असावं आणि एआयचं त्याच्या शेजारी, 'तात्पुरता आवाज' अशा नावाने. मुलाने यंत्राच्या आवाजावर वेळ बसवून घ्यावी, चित्रं काढावीत आणि धीर आला की त्याच जागी स्वतःचा आवाज भरावा.

वेळेचं गणित इथे फार महत्त्वाचं. समजा, मांजर म्हणतंय, 'पळा, पळा, पाऊस आला!' सेकंदाला १२ चित्रं धरली आणि यंत्राने हे वाक्य दोन सेकंदांत म्हटलं, तर २४ चित्रं लागतील. मुलाने ती मान मोडून काढली आणि मग आवाजाचा वेग कमी करून वाक्य तीन सेकंदांचं केलं, तर १२ चित्रं कमी पडली आणि ओठांचा मेळही गेला. म्हणून वाक्य तयार होताच ॲपने सांगावं, 'याला २४ चित्रं लागतील.' चित्रं काढायला घेतली की वेगाला कुलूप लागावं. शब्दांमधला विराम मात्र बोटाने ओढून कमीजास्त करता यावा, कारण विनोद बहुतेक वेळा विरामातच असतो.

ओठांच्या आकारांचे प्रचलित तक्ते इंग्रजी ध्वनींवर बेतलेले आहेत. मराठी मुलाला वर्णमालाच पुरेल. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, 'आ'ला तोंड उघडतं, 'ऊ'ला ओठांचा चंबू होतो. एवढ्या तीन आकारांवर पहिला सिनेमा सहज निभावतो.

यंत्राची खरी परीक्षा मात्र 'या जगात जगायचं कसं?' या वाक्यात आहे. दोन्ही 'ज' लिहायला एक, बोलायला वेगळे. देवनागरी दिसली की हिंदी वळणाने वाचणारा आवाज इथे हमखास अडखळतो. आयआयटी मद्रासच्या 'एआयफोरभारत'ने मराठीसह भारतीय भाषांसाठी खुली वाक्मॉडेल्स उपलब्ध करून दिली आहेत, तेव्हा आवाजच मिळत नाही ही सबब आता चालणार नाही. तरीही चुका होतीलच. त्या दुरुस्त करायचं बटण मुलाच्या हाताशी हवं.

आवाजाची नक्कल करण्याची सोय मात्र या ॲपमध्ये नकोच. मुंबई उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाची एआय नक्कल करणाऱ्यांना मनाई केली. नामवंत गायक कोर्टात जाऊ शकतो, सहावीतलं मूल कुठे जाणार? आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या सगळ्यांसाठी पालकांच्या पडताळता येण्याजोग्या संमतीची अट आहे. रेकॉर्डिंग फोनमध्येच राहिलं तर निम्मी कटकट आपोआप मिटते.

'मग एआय हवंच कशाला?' असं कोणी विचारेल. एका खोलीच्या घरात शेजारी टीव्ही चालू असताना रेकॉर्डिंग होत नाही. बोलताना अडखळणारं मूल मायक्रोफोनसमोर आणखी आक्रसतं. अशा मुलांचा सिनेमा मुका राहू नये. त्यांनी यंत्राचा आवाज शेवटपर्यंत ठेवला तरी त्यात कमीपणा नाही, आणि ॲपनेही तो दाखवू नये.

ही सोय यशस्वी झाली की नाही, हे किती वाक्यं यंत्राने बोलली यावरून ठरवू नये. त्यातली किती वाक्यं मुलांनी पुढे स्वतःच्या आवाजात बदलली, ते मोजावं. यंत्राच्या प्रत्येक वाक्यामागे पैसे घेणाऱ्या कंपनीला हा आकडा वाढलेला परवडणार नाही, त्यामुळे ती तो आपणहून सांगणारही नाही. वर्गात असं ॲप आणायचं ठरवणाऱ्या शाळांनी पैसे भरण्याआधी तो मागून घ्यावा.